शेततळ्यातला मासा न पकडता मोजायचा, तर आधी पाणी बघा

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जत तालुक्यात 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल, तळाला प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. त्यात परवाना काढून सोडलेला तीन हजार गिफ्ट तिलापिया (तिलापिया माशाची सुधारित जात). दर पंधरा दिवसांनी जाळं ओढून वजन घेता, आणि मागच्या खेपेला बागेची कामं उरकून अकरा वाजता जाळं ओढलंत, तर पुढच्या दोन दिवसांत पंचवीस मासे उलटे होऊन तरंगले. नॉर्वेत मासा न पकडता कॅमेऱ्यानं वजन काढतात असा व्हिडिओ तुम्ही पाहिलात आणि विचारलंत, "कुठला कॅमेरा घेऊ?"

मी कराडला राहते. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यापासून सातारा-सांगलीच्या शेततळ्यांवरच काम करते, आणि गेली काही वर्षं कॅमेऱ्यानं मासे मोजायचा खटाटोपही करते आहे. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. मासे का मेले, हा एक. आणि तळ्यात आज किती किलो मासा आहे हे कळल्याशिवाय खाद्य किती टाकायचं ते ठरत नाही, हा दुसरा. कॅमेरा दुसऱ्याचं उत्तर देतो, तेही अर्धं. पहिल्याचं उत्तर तुमच्या घड्याळात आहे.

आधी तेच सांगते, कारण त्याला पैसे पडत नाहीत. उन्हाळ्यात जतला अकरा वाजता वरचं पाणी तापलेलं असतं. जाळ्यात मासा एकमेकांवर घासतो, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले सुटतात. तो थर म्हणजे माशाचं कातडं राखणारं कवच. ते गेलं की जिवाणू आणि बुरशी आत शिरतात, म्हणून मासा त्याच दिवशी मरत नाही, दोन-तीन दिवसांनी मरतो. पुढच्या वेळी आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा आणि जाळं सकाळी आठच्या सुमारास ओढा. अगदी पहाटे नको. हिरव्या पाण्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू खात असतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या जरा आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासा हवेत उचलून काट्यावर टाकू नका. अर्धी बादली पाणी हुकाच्या काट्याला लावा, शून्य करा आणि मग दहा-दहा मासे त्यात सोडा. पाण्यात लिटरमागे 5 ग्रॅम मीठ घाला. एवढं केलंत तरी मर बरीच कमी होईल.

आता कॅमेरा. नॉर्वेत जे चालतं ते समुद्रातल्या सॅमनच्या पिंजऱ्यांत. तिथल्या कायद्यानं एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. दोन लाखांतले शंभर हातानं मोजले तर त्यातून काय कळणार? म्हणून त्यांनी पाण्यात कॅमेरे सोडले. एकमेकांपासून ठरावीक अंतरावर दोन कॅमेरे बसवतात. आपले दोन डोळे जसं अंतर ओळखतात तसंच ते काम करतं. एकाच माशाची दोन चित्रं जराशी सरकलेली दिसतात, त्या सरकण्यावरून मासा किती लांब आहे ते कळतं, आणि अंतर कळलं की माशाची लांबीही कळते. लांबीवरून वजन काढतात. एकाच कॅमेऱ्याला हे जमत नाही, कारण जवळचा छोटा मासा आणि लांबचा मोठा मासा त्याला सारखेच दिसतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी व्हिडिओत कुणी बोलून दाखवत नाही. तिथलं पाणी स्वच्छ असतं, काही मीटर लांबचा मासा चक्क दिसतो. तुमचं पाणी कसं आहे? तुम्ही लिहिलंय "छान हिरवं". माशाच्या वाढीला ते छानच आहे. वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. चांगल्या हिरव्या तळ्यात ती 25 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी होते. आता 25 सेंटिमीटरचा मासा तोंडापासून शेपटीपर्यंत एका चित्रात यायचा, तर साध्या भिंगाचा कॅमेरा त्याच्यापासून निदान चाळीस-पन्नास सेंटिमीटर लांब हवा. म्हणजे मासा चित्रात पुरा मावेल तेव्हा तो दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा मावणार नाही. लाखभर रुपयांचा कॅमेरा आणलात तरी हे बदलत नाही. म्हणून मी आधी पाणी विचारते, कॅमेरा नंतर.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाचं पाणी नुकतंच तळ्यात घेतलं असेल तर काही दिवस गाळानं पाणी गढूळ असतं, तेव्हा तर नादच सोडा. हिवाळ्यात शेवाळ कमी असताना चकती पाऊण मीटरवर दिसलेली मी पाहिली आहे, तेव्हा पाण्यातला कॅमेरा चालतो. पाणी किती स्वच्छ हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते तळ्यागणिक, महिन्यागणिक बदलतं.

मग हिरव्या पाण्यात काय करायचं? माझा अनुभव सांगते: कॅमेरा पाण्यात घालू नका, वर टांगा. मी याला "पाट" म्हणते. चार फूट बाय चार फुटांची पांढरी पीव्हीसी शीट घ्यायची, तिच्यावर पक्क्या काळ्या रंगानं दर दहा सेंटिमीटरला रेघा मारायच्या आणि चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ती पाण्याखाली बरोबर वीस सेंटिमीटरवर आडवी टांगायची. खाली वजन बांधायचं, पण धारदार कडा कागदाला लागता कामा नये. कागद फाटला तर मासे राहू द्या, पाणीही जाईल. बांधावरून एक मजबूत पाइप आत काढून पाटाच्या बरोबर मध्यावर फोन उलटा बसवायचा. खाद्य पाटाच्या कडेला टाकायचं, पाटावर नाही, नाहीतर तरंगत्या गोळ्यांनीच पाट झाकला जातो. मासे खाद्याकडे जाता-येता पाटावरून जातात आणि पांढऱ्यावर त्यांची पाठ काळीभोर उठून दिसते.

पहिले चार-पाच दिवस एकही मासा पाटावर येणार नाही. पांढऱ्याला ते बुजतात. बगळा आणि खंड्या वरून येतात हे त्यांच्या रक्तातच आहे. पाट तसाच ठेवा, रोज त्याच वेळी खाद्य टाका, आठवडाभरात ते बिनधास्त होतात. पाइपची सावली पाटावर हलती पडू देऊ नका.

फोन किती उंच टांगायचा, हे मी चुकत चुकत शिकले, म्हणून नीट सांगते. रेघा पाटावर आहेत, पण मासा पाटाच्या वर, समजा दहा सेंटिमीटर वरून जातो. म्हणजे तो कॅमेऱ्याच्या जास्त जवळ आहे आणि रेघांच्या मानानं मोठा दिसतो. फोन पाटापासून दीड मीटरवर असेल तर मासा लांबीत सुमारे सात टक्के मोठा दिसेल. तीन मीटरवर असेल तर साडेतीन टक्क्यांच्या आत. सात आणि साडेतीन हे आकडे किरकोळ वाटतील, पण वजन लांबीच्या घनानं वाढतं. लांबीत सात टक्के चूक म्हणजे वजनात बावीस टक्के. साडेतीन म्हणजे अकरा. म्हणून उंच टांगा. तीन मीटरवरून साधारण फोनच्या भिंगाला चार मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, आणि 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे चार हजार ठिपके असतात. म्हणजे मिलिमीटरला एक ठिपका, आपल्याला पुरेसा. व्हिडिओ घेऊ नका. साध्या एचडी व्हिडिओत आडवे 1920 ठिपकेच असतात, म्हणजे तपशील निम्म्यावर येतो. दर दोन सेकंदाला एक फोटो लावून ठेवा.

वेळ सकाळची, वारा उठायच्या आधीची. पाण्यावर लहरी आल्या की मासा लांबट-आखूड होतो. चमक येत असेल तर वर शेडनेटचा तुकडा धरा.

आता एक लाकडाचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा खोटा मासा कापा, बरोबर 25 सेंटिमीटर लांब, वरून करडा रंगवलेला. काठीला लावून तो पाटाच्या वर पाच, दहा, पंधरा सेंटिमीटरवर धरा आणि प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या. फोटोत तो 25 यायला हवा. 25.6 आला तर तुमची दुरुस्ती किती ते कळलं. मी कुठल्याही तळ्यावर गेले की आधी हा खोटा मासा पाण्यात धरते, खऱ्याकडे नंतर वळते. हवेत मोजून आणलेला आकडा पाण्यात कधीच वापरू नका. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू जवळजवळ एक तृतीयांशानं मोठी दिसते, आणि लांबी एक तृतीयांशानं चुकली की वजन दुपटीहून वर जातं. पाण्यात बुडवायचा कॅमेरा घेऊन कोरड्यावर माप लावणारे बहुतेक इथेच फसतात.

फोटोतून लांबी काढायला इमेजजे नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बनलेला. रेघांवरून माप लावायचं आणि माशाच्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत रेघ ओढायची. फक्त सरळ मासे घ्या. शेपटी वळलेली असली की लांबी कमी भरते. वरून पाहण्याचा हा मोठा फायदा: वळलेला मासा लगेच ओळखू येतो. बाजूनं पाहिलं तर आपल्याकडे वळलेली शेपटी कळतच नाही, मासा नुसताच आखूड वाटतो.

लांबीवरून वजन काढायचं सूत्र इंटरनेटवरून घेऊ नका. ते तुमच्या माशाचं नाही. पुढच्या वेळी जाळं ओढाल तेव्हा पन्नास माशांची लांबी आणि वजन दोन्ही लिहून घ्या. प्रत्येकाचं वजन त्याच्या लांबीच्या घनानं भागा आणि सरासरी काढा. समजा 22 सेंटिमीटरचा मासा 200 ग्रॅम भरला. 22 चा घन 10648, भागाकार 0.0188. हा तुमचा आकडा. मग 25 सेंटिमीटरच्या माशाचं वजन साधारण 294 ग्रॅम. तुमच्या मोजणीत पाच टक्के चूक झाली आणि 25 ऐवजी सव्वासव्वीस दिसलं तर उत्तर येतं 340. माशामागे 46 ग्रॅम, तीन हजार माशांमागे 138 किलो, जे तळ्यात नाहीतच. वजनाच्या दोन टक्क्यांनी खाद्य टाकत असाल तर रोज पावणेतीन किलो जास्त, पंधरा दिवसांत चाळीस किलो. ते खाद्य कागदावर सडतं, त्याचा अमोनिया होतो, आणि कागदाच्या तळ्यात तो शोषायला मातीही नसते.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. सगळ्यांच्या लांबीची सरासरी काढायची आणि तिचं वजन करायचं. तसं करू नका. एक मासा 20 चा, एक 30 चा. सरासरी 25, त्याचं वजन 294. पण 20 च्या माशाचं वजन 150 आणि 30 च्याचं 508, दोघांची खरी सरासरी 329. आधी एकेका माशाचं वजन काढा, मग सरासरी.

किती मासे मोजायचे? शंभर सरळ मासे पुरे. पण शंभर फोटो म्हणजे शंभर मासे नव्हेत. तोच धीट मासा दहादा पाटावरून जातो. मी एका सकाळी शंभर माप घेत नाही, तीन सकाळी तीस-पस्तीस घेते आणि लागोपाठच्या फोटोंमधला एकच निवडते.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. पाण्यात दोन कॅमेरे लावायला मी सुरुवात केली त्या पहिल्या वर्षी खटाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर मी सरासरी 420 ग्रॅम सांगितली. पाणी स्वच्छ होतं, माप पाण्यातच लावलं होतं, खोटा मासा बरोबर येत होता. त्यांनी त्या भरवशावर व्यापाऱ्याला माल कबूल केला. मासा निघाला तेव्हा सरासरी भरली 340. मी काट्याशेजारी उभी होते. टोपल्यामागून टोपलं उतरत होतं आणि आकडा काही वर जाईना. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. चूक कॅमेऱ्यात नव्हती, जागेत होती. मी कॅमेरे खाद्याच्या गोलात लावले होते. खाद्यावर आधी कोण येतं? दांडगे मासे. बारके मागे राहतात, खाली राहतात, दांडग्यांचं पोट भरल्यावर येतात. मी तळ्यातला मासा मोजलाच नव्हता, पुढच्या रांगेतला मोजला होता. आणि अशा वेळी शंभराऐवजी हजार मासे मोजून काही सुधारत नाही. चुकीचं उत्तर फक्त जास्त ठाम होतं.

तिलापियात याला आणखी एक फाटा आहे. सगळे नर म्हणून आणलेल्या बियाण्यातही थोड्या माद्या निघतात, त्या तळ्यातच पिल्लं काढतात आणि चार-सहा महिन्यांनी बोटाएवढ्या माशांचा एक वेगळाच थवा दिसायला लागतो. फोटोत दोन आकारांचे मासे दिसू लागले की एकच सरासरी काढू नका. सोडलेले वेगळे, तळ्यात झालेले वेगळे. रोहू-कटला-मृगळ असं मिश्र तळं असेल तर पाटाच्या भानगडीत पडूच नका, कारण मृगळ तळाशी चरतो, कटला वर पण गोळीच्या मागे फारसा लागत नाही, आणि कॅमेऱ्यापुढे रोहूचंच राज्य असतं. शिवाय प्रत्येकाचा आकडा वेगळा. तेवढ्याच लांबीचा रोहू तिलापियापेक्षा बराच हलका भरतो.

म्हणून आता मी पाटावर लगेच मोजत नाही. खाद्य टाकल्यावर पहिली पाच मिनिटं सोडून देते, मग अर्धा तास फोटो चालू ठेवते. आणि पिकात दोनदा, एकदा मधे आणि एकदा काढणीच्या महिनाभर आधी, जाळं ओढून खरं वजन घेतेच. त्या दिवशीच्या काट्याच्या सरासरीला त्या आठवड्याच्या कॅमेऱ्याच्या सरासरीनं भागायचं, आणि पुढची प्रत्येक मोजणी त्या आकड्यानं गुणायची. पाट, उंची, वेळ, खाद्याची जागा तीच ठेवली तर कॅमेऱ्याची चूकही बरीचशी तीच राहते, आणि मग दहा दिवसांत वाढ किती झाली हे चांगलं कळतं. नुसत्या वजनापेक्षा वाढ कॅमेरा जास्त खरी सांगतो, असं माझं मत झालं आहे. वाढ थांबली तर काहीतरी बिघडलंय, हे खाद्याचा हिशेब चुकायच्या आत कळतं.

तयार यंत्रांबद्दल विचारलंत. मी ती वाईट म्हणत नाही. पण यंत्राला आधी मासा ओळखायला शिकवलेलं असतं, आणि ते ज्या माशावर शिकलं त्याच माशाचं खरं सांगतं. सॅमनवर शिकलेलं यंत्र तुमच्या तिलापियापुढे धरलं तरी ते आकडा देईलच, गप्प बसणार नाही. विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: हे कुठल्या माशावर शिकवलंय, आणि चकती तीस सेंटिमीटरवर दिसेनाशी होणाऱ्या पाण्यात माझ्यासमोर चालवून दाखवता का. दुसरीला टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच राहू द्या.

कॅमेरा मासे किती आहेत ते सांगत नाही, हेही धरून चला. तीन हजार सोडले म्हणून आज तीन हजारच आहेत असं नाही. मेलेला प्रत्येक मासा वहीत लिहा, त्या पंचवीसांसकट. कल्ल्यांचा रंग, अंगावरचे व्रण, उवा हे पाठीच्या फोटोत दिसत नाही. त्यासाठी पिकात दोनदा मासा हातात घ्यावाच लागतो. दर पंधरा दिवसांच्या तुमच्या बारा खेपांच्या जागी दोन खेपा, आणि त्याही सकाळी आठला, मिठाच्या पाण्यात.

एवढं सामान जमवायच्या आधी एक करा. उद्यापासून आठवडाभर रोज सकाळी नऊला चकती सोडून खोली लिहून ठेवा. आकडा पंचवीसच्या वर राहिला तर पाट वीस सेंटिमीटरवर टांगा. खाली राहिला तर पाट पंधरावर घ्या आणि फोन तीन मीटरच्या खाली आणू नका. आठवड्याचे सात आकडे इथेच लिहा, पाण्याचा रंग दिसेल असा एक फोटोही टाका. मग तुमच्या तळ्याला दुरुस्ती किती लागेल ते आपण बसून काढू.